धुपणारी चौपाटी आणि लोकांची वाट

शहरालगतचा समुद्रकिनारा धुपतो तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी धोक्यात येतात. एक म्हणजे किनाऱ्यामागची जमीन: रस्ता, इमारती, मलवाहिन्या, स्मशानभूमी, कोळीवाडा. दुसरी म्हणजे खुद्द किनारा, म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी आणि भरतीला आखडणारी वाळू. तिच्यावर सकाळी माणसे चालतात, संध्याकाळी मुले खेळतात, गणपतींचे विसर्जन होते, पावसाळ्याआधी होड्या ओढून ठेवल्या जातात. पहिल्या गोष्टीला मालक असतो, तिचे कागद असतात, नुकसान झाले की पंचनामा होतो. दुसरी सगळ्यांची असल्यामुळे तिचा पंचनामा कोणी करत नाही. महाराष्ट्रात आजवर झालेल्या धूपप्रतिबंधक कामांपैकी बहुतेकांचा हेतू जमीन वाचवण्याचा होता. त्यांतल्या किती कामांनी वाळू वाचवली आणि किती ठिकाणी लोकांना पाण्यापर्यंत उतरता येते, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही.

देशपातळीवरचे चित्र राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 या काळाच्या अभ्यासातून मिळते. मुख्य भूमीच्या 6,907 किलोमीटर किनाऱ्यापैकी 33.6 टक्के किनारा धुपत असल्याचे, 26.9 टक्के किनाऱ्यावर गाळ साचत असल्याचे आणि उरलेला स्थिर असल्याचे त्यात आढळले. पश्चिम बंगालचा 60 टक्क्यांहून अधिक, केरळचा सुमारे 46 टक्के किनारा धुपतो. महाराष्ट्राचा आकडा 25.5 टक्के आहे, म्हणजे तुलनेने कमी. पण या सरासरीने दिलासा मानू नये. कोकण किनाऱ्याचा मोठा भाग काळ्या खडकाच्या डोंगरसोंडांचा आहे आणि खडक माणसाच्या आयुष्यात फारसा हलत नाही. हलते ती दोन सोंडांच्या मधली पुळण. गावे, शहरे, बंदरे आणि पर्यटक असतात तेही नेमके तिथेच.

वाळू येते कुठून, जाते कुठे

कोकणातली पुळण वर्षात दोन रूपे घेते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उंच, उभ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात. दसरा-दिवाळीनंतर समुद्र निवळला की लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून ऑगस्टमध्ये उघड्या पडलेल्या दगडांचे छायाचित्र हा धूप झाल्याचा पुरावा होत नाही आणि फेब्रुवारीतली रुंद चौपाटी हा ती भरून निघाल्याचा पुरावा होत नाही. खरी धूप म्हणजे नेलेल्या वाळूपैकी काही वाटा दरवर्षी परत न येणे. ती ओळखायची तर दरवर्षी त्याच महिन्यात, भरतीच्या त्याच पातळीला, त्याच खुणेपासून मोजमाप घ्यावे लागते. हे काम स्वस्त आहे, पण कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते होत नाही.

वाळू किनाऱ्याला समांतरही सरकते. या प्रवाहात आडवे बांधकाम घातले की एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूला तुटवडा पडतो. भारतातले सर्वांत ठळक उदाहरण चेन्नईचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराचे बांध समुद्रात गेले आणि त्यांच्या दक्षिणेला वाळू साचत जाऊन आजचा विस्तीर्ण मरीना किनारा घडला. बंदराच्या उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला मात्र किनारा मागे हटत गेला आणि तिथे दगडी भिंती घालाव्या लागल्या. म्हणजे शहराच्या एका भागाला मिळालेली चौपाटी दुसऱ्या भागाच्या वाट्याची होती. पुदुच्चेरीतही 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे बांध झाले आणि त्यांच्या उत्तरेचा शहरी किनारा काही वर्षांत दगडांच्या राशीखाली गेला.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. इथे समांतर प्रवाहापेक्षा भरावाचा हात मोठा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खिंड हॉर्नबी वेलार्डने बुजवली गेली, 1845 मध्ये माहीमचा पूल-रस्ता झाला, पुढे बॅकबेचा भराव, वांद्र्याचा भराव आणि मिठी नदीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. प्रत्येक भरावाने पाण्याची वाट थोडी बदलली. माहीमच्या उपसागरात ओहोटीला बाहेर पडणारे पाणी पूर्वी ज्या रुंद तोंडातून जाई ते तोंड अरुंद झाले, आणि नदीचा गाळ, शहराचा कचरा व समुद्राची वाळू यांचा जुना हिशेब विस्कटला.

तिसरे कारण किनाऱ्यापासून फार दूर असते: नद्यांचा गाळ वाटेतच अडणे. उदाहरणार्थ, मराठवाड्यातल्या वैजापूर तालुक्याच्या दक्षिण हद्दीवरून गोदावरी वाहते. तालुक्याच्या वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे आणि खाली पैठणला जायकवाडीचे धरण. पावसाळ्यात या पट्ट्यातून जाणारे गढूळ पाणी जायकवाडीच्या जलाशयात, नाथसागरात थांबते आणि गाळ तिथेच बसतो. पुढे तेलंगण व आंध्र प्रदेशातही धरणे आणि बंधारे आहेतच. आंध्रातील धवळेश्वरम येथे गोदावरीच्या पाण्यातून वाहून येणारा गाळ 1970 च्या दशकात वर्षाला सरासरी 15 कोटी टनांच्या आसपास होता. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्या खाली आला. नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेशाचा किनारा ज्या गतीने धुपतो आहे त्यामागे अभ्यासकांना हे एक प्रमुख कारण दिसते. समुद्र न पाहिलेल्या तालुक्यांचाही किनाऱ्याशी असा संबंध असतो. कोकणातल्या नद्या आखूड आहेत, त्यांच्यावर धरणेही तुलनेने लहान, पण वैतरणा, सावित्री, वाशिष्ठी अशा खाड्यांमधून बांधकामासाठी उपसली जाणारी वाळू त्याच खात्यातून वजा होते.

समुद्राची पातळी वाढते आहे हे चौथे कारण. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीची नोंद ठेवली जाते. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. तिच्यावरून दीर्घकाळाची सरासरी वाढ वर्षाला एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी दिसते, मात्र उपग्रहांनी मोजलेली अलीकडची जागतिक वाढ तीन मिलिमीटरच्या पुढे आहे. शिवाय 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ आणि 17 मे 2021 चे ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी दाखवले की अरबी समुद्राचा हा भाग आता वादळांपासून सुरक्षित समजता येत नाही. ‘तौक्ते’च्या लाटांनी गेटवे ऑफ इंडियाजवळचा कठडा फोडला, आणि समुद्रात टाकलेला शहराचा कचरा मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर परत आणून टाकला.

दादर आणि प्रभादेवी

सगळी कारणे एका जागी पाहायची असतील तर प्रभादेवीच्या कीर्ती महाविद्यालयामागून दादर चौपाटीमार्गे माहीमपर्यंतचा पट्टा पाहावा. उत्तरेला माहीमचा किल्ला, दक्षिणेला वरळीची सोंड, मधोमध चैत्यभूमी. वाळूच्या मागे लगेच इमारतींच्या संरक्षक भिंती उभ्या आहेत. वाळूला मागे सरकायला जागाच उरलेली नाही. मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला भरतीची पातळी साडेचार मीटरच्या पुढे जाते, आणि महापालिका दरवर्षी अशा दिवसांची यादी प्रसिद्ध करते. त्या वेळी पाणी भिंतीला लागते. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते, जिन्याची शेवटची पायरी अधांतरी राहते, आणि ओहोटीला तिच्याखाली पाया व दगड दिसू लागतात. प्रभादेवीच्या टोकाला भरतीच्या वेळी चालायला पट्टाच उरत नाही.

यात पर्जन्यजल वाहिन्यांची भर पडते. शहराचे पावसाचे पाणी, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा सांडपाणीही, ज्या तोंडांतून वाळूवर सुटते तिथे प्रवाह वाळूत चर पाडतो. चर रुंदावला की लाटांना आत शिरायला सोपी वाट मिळते. चैत्यभूमीजवळच्या अशाच एका पातमुखावर महापालिकेने 2022 मध्ये ‘माता रमाबाई आंबेडकर स्मृती’ हा सज्जा उभारला. समुद्र पाहायची जागा म्हणून तो लोकप्रिय झाला आणि ते रास्तही आहे. नाल्याच्या तोंडाची जागा लोकांच्या उपयोगी आणण्याची कल्पना चांगली आहे. पण सज्ज्यावरून समुद्र दिसतो, समुद्राशी जाता येत नाही. चौपाटी संपल्यावर उरेल ते सज्ज्यावरून पाहणे. म्हणून असे बांधकाम वाळू राखण्याच्या कामाला पर्याय ठरू नये, जोड ठरावे.

या पट्ट्याचा सार्वजनिक वापर किती मोठा आहे हे 6 डिसेंबरला कळते. महापरिनिर्वाण दिनी देशभरातून लाखो अनुयायी चैत्यभूमीवर येतात. रांगा, मुक्काम, पुस्तकांचे स्टॉल, पाणी आणि वैद्यकीय मदत यांची व्यवस्था शिवाजी पार्क आणि आसपासच्या परिसरात करावी लागते. गणेशोत्सवात हीच वाळू विसर्जनासाठी लागते. माहीमच्या बाजूला कोळीवाड्याच्या होड्या असतात. मुंबईत दर माणशी मोकळी सार्वजनिक जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. अशा शहरात वाळूचा पट्टा दहा मीटरने अरुंद होणे म्हणजे एक बाग बंद होण्यासारखे आहे, फक्त बागेला कुलूप लावले की बातमी होते.

भिंत

धूप थांबवण्याचा सर्वांत जुना आणि महाराष्ट्रात सर्वांत रूढ उपाय म्हणजे दगडी भिंत किंवा धूपप्रतिबंधक बंधारा. पतन विभाग आणि सागरी मंडळ यांच्या यादीत वर्षानुवर्षे याच कामांचा भरणा असतो. भिंतीचा एक गुण निर्विवाद आहे: योग्य रीतीने बांधली तर मागची जमीन वाचते. जिथे वाळू कधीचीच गेलेली आहे, मागे दाट वस्ती आहे आणि लाटा थेट पायाशी येतात, तिथे भिंतीला विरोध करणे म्हणजे घरे बुडू देणे.

दोष असा की भिंत किनाऱ्याची रेषा एका जागी खिळवते, समुद्राला मात्र थांबवत नाही. समोरची वाळू धुपत राहते आणि मागून नवी मिळत नाही. भिंत आणि वाढते पाणी यांच्या कात्रीत पुळण अरुंद होत जाते. भिंतीच्या टोकाला लाटा वळतात, म्हणून तिथली शेजारची जागा जास्त वेगाने तुटते, आणि मग भिंत लांबवण्याची मागणी येते. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या बंधारा फुटतो, दुरुस्त होतो, पुन्हा फुटतो, हे तिथल्या लोकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मरीन ड्राइव्ह हे भिंतीचे सर्वांत यशस्वी सार्वजनिक रूप. भरावावर बांधलेल्या या रस्त्याला वाळू नाही, पाण्यापर्यंत उतरता येत नाही, खाली टेट्रापॉड आहेत. तरी तिथला कठडा देशातल्या सर्वांत लोकशाही जागांपैकी एक आहे. बसायला पैसे लागत नाहीत, वेळ ठरलेली नाही, कोणी कोणाला उठवत नाही. टेट्रापॉडमध्ये चार पाय एकमेकांत अडकतात आणि लाटेचे पाणी मधल्या फटींतून विखुरते, त्यामुळे सरळ भिंतीवर बसणारा तडाखा कमी होतो. पण ज्या किनाऱ्यावर टेट्रापॉड टाकले तिथे वाळूत खेळणे, पोहणे, होडी लावणे कायमचे संपते. त्या ओबडधोबड फटींत घसरून माणसे अडकल्याच्या घटनाही घडल्या आहेत. मरीन ड्राइव्हला वाळू नव्हतीच म्हणून तिथे हा व्यवहार परवडला. दादर, आक्सा किंवा गुहागरला तो परवडणारा नाही.

मालाडजवळच्या आक्सा किनाऱ्यावरची भिंत याच कारणाने वादात आली. धूप रोखण्यासाठी म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाने ती हाती घेतली. पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की भिंत आणि तिच्यालगतचा पदपथ वाळूवरच आले आहेत. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. निर्णयाच्या पलीकडे यातून एक व्यवहार्य कसोटी मिळते. लोकांसाठी पदपथ बांधला असा दावा असेल, तर तो पदपथ आधी लोकांच्याच असलेल्या वाळूतून किती मीटर घेतो, हे आराखड्यात लिहिलेले असले पाहिजे.

भिंत आणि लोकांची वाट एकत्र साधल्याची उदाहरणे आहेत. कोचीजवळच्या चेल्लानम या वारंवार बुडणाऱ्या मच्छीमार गावापुढे सात किलोमीटरहून अधिक लांबीची टेट्रापॉडची भिंत झाली आणि तिच्यावर चालण्याचा मार्ग ठेवला गेला. नेदरलँड्समधील श्केव्हेनिंगेन येथे समुद्राचा बांध सार्वजनिक फिरण्याच्या रस्त्याच्या पोटात दडवला आहे. स्पॅनिश वास्तुरचनाकार मानुएल दे सोला-मोरालेस यांच्या आराखड्याने चालणारे, सायकलवाले आणि वाहने यांना वेगवेगळ्या पातळ्यांवर नेले, आणि सगळ्यात खालची पातळी वाळूला भिडवली. जवळच काटवाइक येथे बांध वाळूच्या टेकड्यांखाली पुरला व त्याच्या मागे भूमिगत वाहनतळ केले. गावातून समुद्राकडे जाणाऱ्याला पायाखाली बांध आहे हे कळतही नाही. या दोन्ही ठिकाणी पुढे रुंद वाळू राखण्याचा वेगळा, कायमचा खर्च केला जातो. तो खर्च नसता तर हे आराखडे फसले असते.

वाळू परत आणणे

वाळूच हवी असेल तर वाळू आणून टाकावी लागते. नेदरलँड्सने 1990 मध्ये त्या वर्षीची किनारारेषा राखण्याचे धोरण स्वीकारले आणि तेव्हापासून समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाकली जाते. 2011 मध्ये त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर एकाच वेळी 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचे एक मोठे भूशिर तयार केले आणि लाटा-वाऱ्याने ती वाळू शेजारच्या किनाऱ्यांवर आपोआप पसरू दिली. दरम्यानच्या काळात त्या भूशिरावर पतंगाच्या आधारे लाटांवर घसरणारे खेळाडू आले, लोक फिरायला येऊ लागले.

मुंबईत हे जसेच्या तसे चालणार नाही. इथला भरती-ओहोटीतला फरक मोठा, उपसागर छोटे, आणि नजीकच्या समुद्रतळावर वाळूपेक्षा चिखल जास्त. टाकायची वाळू मूळ वाळूइतकीच किंवा थोडी जाड असावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ती जाते. तेवढी जाड वाळू कुठल्या खाडीतून, कुठल्या गावाचा किनारा पोखरून आणली जाणार, हा प्रश्न निविदेच्या आधी सुटला पाहिजे.

म्हणून वाळू टाकण्यासोबत तिला धरून ठेवणारे काहीतरी लागते. किनाऱ्याला काटकोनात घातलेले बंधारे वाळू अडवतात, पण शेजाऱ्याच्या वाट्याची. पाण्याखालचे बुडते खडक हा त्याहून सौम्य उपाय आहे. मोठी लाट किनाऱ्याला पोहोचण्याआधीच त्यांच्यावर फुटते, मागे पाणी शांत राहते आणि वाळू बसते. वरून पाहणाऱ्याला समुद्र मोकळाच दिसतो. पुदुच्चेरीत राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 2018 च्या सुमारास सुमारे 900 टन वजनाचा पोलादी, पाचरीसारखा बुडता खडक बसवला. त्यानंतर दगडांपुढे पुन्हा वाळू दिसू लागली आणि शहरातल्या एका पिढीने आपल्या गावची चौपाटी पहिल्यांदा पाहिली. आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने 2010 मध्ये मंजूर झालेल्या किनारा संरक्षण कार्यक्रमातही भिंतींऐवजी अशा सौम्य उपायांवर भर होता. त्यात कर्नाटकातील उल्लाळ आणि आपल्याकडचा मिऱ्या यांचा समावेश होता.

भूवस्त्राच्या मोठ्या पिशव्या किंवा नळ्यांमध्ये वाळू-पाण्याचे मिश्रण भरून केलेले बुडते बांध तुलनेने स्वस्त पडतात. कापड उन्हाने कुजते, होडीच्या नांगराने किंवा पंख्याच्या पात्याने फाटते. फाटलेली एक पिशवी रिकामी झाली की शेजारची खचते. म्हणून हा बांध कुठे आहे हे कोळ्यांना कळले पाहिजे, तिथे तरंगत्या खुणा हव्यात, आणि जागा ठरवतानाच होड्यांची वाट त्यांना विचारून सोडायला हवी. पाण्यातली वाट हीसुद्धा लोकांची वाट आहे.

असे कुठलेही काम समुद्रात नेण्याआधी ते हौदात पाहता येते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृती बांधून त्यांवर लाटा सोडल्या जातात. ज्या कामाचा असा अभ्यास झालेला नाही त्याला मंजुरी देण्याची घाई करू नये.

झाडांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. कांदळवने चिखलाच्या खाडीकाठाला उत्तम संरक्षण देतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यांच्या तोडीवर बंदी घालून भोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितले, हे फार मोलाचे झाले. पण लाटा आपटणाऱ्या उघड्या पुळणीवर तिवरे तगत नाहीत. तिथे लावलेली सुरूची झाडे वारा अडवतात, धूप नाही. वसई, केळवे पट्ट्यात मुळे उघडी पडून आडवी झालेली सुरूची झाडे हेच सांगतात. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीसारख्या वनस्पती आणि त्यांच्यामुळे बनणारे वाळूचे उंचवटे जास्त उपयोगी, पण सपाटीकरण आणि ट्रॅक्टरची साफसफाई त्यांना रुजूच देत नाही.

मागे सरणे

सर्वांत अवघड आणि पुष्कळदा सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे समुद्राला जागा देणे. कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा शहरात 2011 च्या सुमारास किनाऱ्यालगतचा खचलेला वाहनतळ आणि सायकलमार्ग मागे घेतले गेले. मोकळ्या झालेल्या जागी गोटे व वाळूचे उंचवटे रचले, आणि लाटांवर खेळणाऱ्यांची ती प्रसिद्ध जागा टिकली. सॅन फ्रान्सिस्कोत ओशन बीचलगतच्या महामार्गाचा एक भाग मतदारांच्या कौलानंतर वाहनांसाठी बंद होऊन एप्रिल 2025 मध्ये उद्यान झाला. त्याच्या दक्षिणेचा, धुपीने पोखरलेला तुकडा रस्ता म्हणून सोडून देण्याची आणि तिथली मोठी सांडपाणी वाहिनी वाळूखाली पुरलेल्या भिंतीने वाचवण्याची योजना आहे. या निर्णयावरून शहरात तीव्र भांडण झाले, कारण रस्ता गमावणाऱ्यांचे नुकसान खरे होते.

दादरला मागे सरायला जागा नाही हे मान्य करावे लागते. पण कोकणातल्या अनेक गावांत अजून आहे. दापोली, गुहागर, मालवण तालुक्यांत समुद्राला लागून नवा रस्ता, वाहनतळ किंवा स्वच्छतागृह बांधताना ते 50 मीटर मागे घेतले तर पुढच्या 30 वर्षांत भिंतीची गरजच पडणार नाही, अशा जागा आहेत. देवबागसारख्या एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या अरुंद पट्ट्यात मात्र हा पर्याय घरांवर येतो. तिथे पुनर्वसनाचा पैसा आणि पर्यायी जागा आधी दाखवल्याशिवाय मागे सरण्याची भाषा करणे अन्यायाचे ठरेल. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी धूप रोखण्याला 1,500 कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी रुपये सुचवले. विस्थापनाचा खर्च स्वतंत्रपणे धरला गेला ही मोठी गोष्ट आहे.

वाट कोणाची

किनाऱ्यावरचा लोकांचा हक्क भारतीय कायद्यात अनेक धाग्यांनी विणलेला आहे. 1981 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितले. त्यातून पुढे 1991 ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली; 2011 आणि 2019 मध्ये ती बदलली. हॉटेलांसाठीच्या तिच्या अटींत एक फार उपयोगी तरतूद होती: दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान 20 मीटर रुंद जागा सोडावी. 2019 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 10 मीटर सोडून किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाट दिली. धुपणाऱ्या किनाऱ्यावर ती भरतीरेषाच दरवर्षी मागे येते, हे विसरून चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कमलनाथ प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व स्वीकारले. समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा यांचे शासन मालक नाही, विश्वस्त आहे. 2009 मध्ये गोव्यातील दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या खटल्यात याच न्यायालयाने एका हॉटेल कंपनीविरुद्ध, किनाऱ्याकडे जाणारी लोकांची पारंपरिक वाट मोकळी ठेवण्याच्या बाजूने निकाल दिला. गोव्यानेच याची दुसरी बाजूही पाहिली आहे. जून 2000 मध्ये कांदोळी-सिकेरी किनाऱ्यावर ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज रुतले आणि तब्बल बारा वर्षे तिथेच राहिले. त्याच्यामुळे लाटांची दिशा बदलून किनारा पोखरला गेला. तिथे वाट कायद्याने मोकळीच होती, वाळूच उरली नव्हती.

मुंबईचा किनारी रस्ता या सगळ्या प्रश्नांचे मोठे उदाहरण आहे. 10.58 किलोमीटरच्या या रस्त्यासाठी सुमारे 111 हेक्टर भराव झाला. मार्च 2024 पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्यालगतच्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या नियोजित फिरण्याच्या मार्गापैकी सुमारे सव्वापाच किलोमीटर लोकांना मिळाले. ही जागा मोठी आहे आणि तिथे येणाऱ्यांची गर्दी तिची गरज सांगते. पण ब्रीच कँडी ते हाजी अली या खडकाळ पट्ट्यात ओहोटीला डबकी उघडी पडत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारखे गट तिथे मुलांना खेकडे, समुद्री गोगलगायी, प्रवाळ दाखवत. भरावाने त्यातला बराच भाग गेला. शिवाय वस्ती आणि समुद्र यांच्या मध्ये वेगवान वाहनांचा रस्ता आला, म्हणून आता किनारा भुयारी मार्गांच्या संख्येवर, त्यांतल्या उजेडावर, उतारावर आणि पावसात ते तुंबतात की नाही यावर अवलंबून आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी आणि म्हातारीसाठी दोन भुयारांमधले अंतर म्हणजेच किनारा असणे किंवा नसणे.

वरळी कोळीवाड्याने याच प्रकल्पात एक लढाई जिंकली. पुलाच्या दोन खांबांमधले अंतर 60 मीटर ठरले होते. उधाणात आणि वाऱ्यात होडी त्यातून सुखरूप नेता येणार नाही, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. दीर्घ आंदोलनानंतर 2022 च्या अखेरीस ते अंतर 120 मीटर करण्याचे मान्य झाले. समुद्र रोज वाचणाऱ्यांना आधी विचारले असते तर तो वेळ आणि पैसा वाचला असता.

कुठल्याही धूपप्रतिबंधक कामाच्या प्रस्तावात खर्च, लांबी आणि वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत असते. त्यात आणखी तीन आकडे बंधनकारक केले पाहिजेत: काम झाल्यावर मोठ्या भरतीला कोरडी राहणारी वाळू किती मीटर रुंद असेल, रस्त्यापासून पाण्यापर्यंत उतरण्याच्या वाटा किती अंतरावर असतील आणि त्यांतल्या किती उताराच्या असतील, आणि शेजारच्या किनाऱ्याची वाळू किती कमी होईल. हे आकडे काम संपल्यावरही दहा वर्षे दर फेब्रुवारीत मोजून जाहीर व्हावेत. महाविद्यालयांचे भूगोल विभाग आणि कोळीवाड्यांच्या संस्था हे मोजमाप टेपने करू शकतात. नगरसेवकाला, ग्रामपंचायतीला किंवा आमदाराला बंधारा मागणारे निवेदन देणाऱ्या नागरिकांनी त्याच निवेदनात हे तीन आकडेही मागावेत. ते देता येत नसतील तर काम थांबवून आधी अभ्यास करायला सांगण्याचा हक्क त्यांना आहे.